नवसाविना डोंगर

सेलू, माघ शुद्ध सप्तमी

यांनी आज माथेरानला न्यायचं कबूल केलं. तिथल्या कड्यावरून ढगसुद्धा खाली दिसतात म्हणे! सासूबाईंनी लगेच विचारलं, "त्या डोंगरावर देव कोणता हाय?"

मी म्हटलं, "देवासाठी न्हाई, आत्याबाई. नुसतं बघायला जायलोत."

"नवस न्हाई, मग चढायचं कशाला?"

हे मला हळूच म्हणाले, "नवस हाय म्हणून सांगून टाक की."

का म्हणून? खोटा नवस बोलू? इथं चहूकडं सपाट काळी रानं. जन्मात उंचावरून काही पाहिलं नाही मी. अन् म्हणे देव कोणता!

मोगलाईची हद्द ओलांडायची, मनमाडला गाडी बदलायची, घोंगडी घ्यायची. जायचं म्हणजे जायचंच. वर बसून खाली बघत राहायचं. देव तरी दुसरं काय करतो?