ओठ वाचणाऱ्यांचा बोलपट

बर्न्ली, फेब्रुवारी १९३०

आदरणीय डॉर्कस वन्संना सेलिनाचा नमस्कार. तुमचा गुडघा समुद्राच्या हवेला सरावला असेल अशी आशा करते. मी बरी आहे. (बरी म्हणजे जेवते, गिरणीत जाते, वाचनालयाचं पुस्तक वेळेत परत करते.) तुमच्या भावाच्या, माझ्या अ‍ॅम्ब्रोजच्या, शेवटच्या दिवसाबद्दल तुम्हाला एक विचारायचं आहे, पण ते धीर झाल्यावर. आधी सिनेमाचं सांगते.

परवा इथे आपल्या इंग्लंडातच काढलेला पहिला बोलपट लागला. दीपगृहवाल्याच्या मुलीची ती कादंबरी, जी मी शब्दकोश मांडीवर घेऊन दोनदा वाचली, तिच्यावरून काढलेला. शेजारची हेटी, मी आणि आमच्या खात्यातल्या साऱ्याजणी गेलो. आता आपलं तुम्हाला ठाऊकच आहे. मागांच्या खडखडाटात जन्म गेला, समोरच्याचे ओठ दिसले की आधी तेच वाचायचे. आणि या नायिकेचा आवाज म्हणे बरा नव्हता, म्हणून तिच्यासाठी दुसरीच कुणी आडून बोलत होती. त्यामुळे मरणशय्येवर आवाज येतोय, "प्रिया, मला समुद्र दिसतो आहे," आणि ओठ सांगताहेत, "मेल्या, माझ्या झग्यावरचा पाय काढ!" आम्ही पोट धरधरून हसलो. मागच्या उंची खुर्च्यांवरच्या मंडळींना काही कळेना. मॅनेजर धावत आला, "बायांनो, लाज बाळगा, ती मरतेय!" हेटी म्हणाली, "मरू दे हो सुखानं, पण आधी त्याला पाय तर काढू दे!"

मग नायक तिच्या थडग्यापाशी निरोप घ्यायला आला आणि नेमकी तिथेच आवाजाची तबकडी अडली. खुर्च्यांवाले ओरडू लागले. आम्ही मात्र गप्प. तो बोलत होता आणि आम्हाला शब्दन् शब्द कळत होता. हेटीसुद्धा रडली. मला बसवेना, तशीच उठून घरी आले.

तुमची,
सेलिना

ता. क. अ‍ॅम्ब्रोजचा आवाज तर कापसाच्या धुळीनं आधीच नेला होता. त्या दुपारी मी चुलीपाशी पाठमोरी, त्याच्या पायांसाठी वीट तापवत होते. तुम्ही त्याच्या समोर होतात. त्याचे ओठ हलले. मी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "काही नाही गं, नुसता श्वास." वन्सं, तुम्हीही जन्मभर मागावर होतात. काय म्हणाला तो?

आणखी एक. त्यानं चहा मागितला असेल, तर चहाच लिहा. सुधारून लिहू नका.