सांदीतला नखाएवढा थर

मंगळवार, संध्याकाळ

घासून चकाकी आणायचं छोटं मशीन, पॉलिशर, विकत घेतलं नाही, त्याची खरी किंमत आज कळली: कामाला आलेल्या डॉक्टरांच्या शिडाच्या होडीवरचा नखाएवढा चकचकीत थर. तळाच्या अरुंद सांदीत मी मोठंच मशीन घातलं. जुना कारागीर शकीलभाई म्हणाला, "मालक, हितं हातानंच घासू. मशीन लई मोठं हाय."

मी हसलो. "फायबरच्या टाक्या करण्यात हयात गेली माझी. थर किती उरलाय, आवाजावरून सांगतो."

तेवढ्यात चकाकी जाऊन खालचे फायबरचे धागे दिसले. नखाएवढेच, पण तिथून पाणी मुरलं तर? रविवारी डॉक्टर नातीला घेऊन मुळा धरणात होडी उतरवणार. रंग फासून झाकू? नको. सकाळी खरं सांगायचं.

मशीनचा आवाज बदललेला शकीलभाईनं ऐकला होता. माझ्या कानांत मशीन सुरू करताना घातलेले कापसाचे बोळे होते.