माझ्या टेबलावरील अतिक्रमण

आदरणीय व्याहीबुवांना सप्रेम नमस्कार.

आपला गुडघा आता कसा आहे? विहीणबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन उत्तम झाल्याचं सूनबाईंकडून कळलं. त्यांना आता सगळं स्वच्छ दिसू लागलं असेल, तेव्हा आपणही जरा जपून राहावं. इकडे सगळे मजेत आहेत आणि मी आहे. फोन सोडून पत्र कशाला, असं आपल्याला वाटेल. कारण एवढंच, की फोनवर मी मुद्द्यापाशी पोचतो न पोचतो तोच तुम्ही "बरं, ठेवू मग?" म्हणता आणि ठेवता. पत्र असं मधेच ठेवता येत नाही. (येतं, पण ठेवलंत तर मला सूनबाईंकडून कळेलच.) तेव्हा चष्मा लावा आणि पाय लांब करून नीट बसा. मला तुमच्याविरुद्ध तक्रार करायची आहे, आणि ती रीतसर, अगदी सुरुवातीपासून करायची आहे.

आपली नात (दोघांची म्हणतो, निदान इथे तरी वाद नको) आर्किटेक्चरला लागली याचा आनंद आपल्या दोघांनाही झाला. पण इमारतींची चित्रं काढायला दणकट कॉम्प्युटर लागतो, साधा चालत नाही, असं कॉलेजनं कळवलं आणि त्या दिवसापासून आमच्याकडे जेवणाच्या वेळी जेवण ही दुय्यम बाब झाली. तुमचे जावई, म्हणजे आमचे चिरंजीव, दिवसभर लोकांच्या कवळ्या घडवतात. दुसऱ्याच्या तोंडात काय बसेल याचा त्यांचा अंदाज सहसा चुकत नाही. पण स्वतः काही विकत घ्यायचं म्हटलं की त्यांचे हातपाय गळतात. संध्याकाळी घरी आले की ते फोनवर कुठल्या कुठल्या माणसांची व्याख्यानं ऐकत बसू लागले. ही माणसं खोक्यातून कॉम्प्युटर बाहेर काढतात आणि त्याच्याकडे असं बघतात, जणू घरात बाळ आलंय. एक म्हणे, लॅपटॉप घ्या, कुठेही नेता येतो. दुसरा म्हणे, तेवढ्याच पैशात डेस्कटॉप कितीतरी जास्त ताकदीचा मिळतो, तापत नाही, आणि एखादा भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो. चिरंजीव ज्याचं शेवटी ऐकत, त्याचे होत. सूनबाईंचं म्हणणं, "लॅपटॉप ही बसमध्ये विसरून येणार. आजवर किती छत्र्या घालवल्यात?" त्यावर नात, "आई, छत्रीवर मी प्रोजेक्ट करत नव्हते गं."

मी पहिल्यापासून लॅपटॉपच्या बाजूचा. सुताराची हत्यारं सुताराबरोबर फिरतात, डॉक्टरची बॅग डॉक्टरबरोबर फिरते, मग विद्यार्थ्याचंच साधन घरी का बसावं, असा मी मुद्दा मांडला आणि तो चांगला होता. (दुसराही एक मुद्दा होता. तो मी मांडला नाही. आमच्या घरात कॉम्प्युटर मावेल एवढं टेबल एकच आहे, ते माझ्या खोलीत आहे, आणि ते माझं आहे.) या टेबलाबद्दल दोन शब्द बोलणं भाग आहे. ते खिडकीला लागून आहे. तिथे बसलं की समोरचा बसथांबा दिसतो, त्याच्यामागचं चपला शिवणाऱ्याचं दुकान दिसतं, आणि कोण कुणाशी बोलतं, कुणाची बस चुकते, हे सगळं आपोआप कळतं. मी जन्मभर कोर्टात लघुलेखक होतो हे तुम्ही जाणताच. साहेबांनी सांगायचं, मी टिपायचं आणि मग टंकायचं. असंख्य निकाल माझ्या बोटांखालून गेले, त्यातला एकही माझा नव्हता. घरात तरी एखादा निकाल आपल्याला द्यायला मिळेल, एवढीच माफक अपेक्षा होती.

आणि तेवढ्यात तुमचा फोन आला. तुम्ही वीजखात्यात होतात, म्हणून ज्याला ज्याला पिन आणि वायर आहे त्यातलं तुम्हाला सगळं कळतं, अशी तुमच्या लेकीची ठाम समजूत आहे. तिनं फोन स्पीकरवर टाकला. तुम्ही म्हणालात (मला तोंडपाठ आहे), "लॅपटॉप म्हणजे पाहुणा, डेस्कटॉप म्हणजे घरचं माणूस. डोळे झाकून डेस्कटॉप घ्या." सूनबाईंनी भाताचं पातेलं खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "झालं तर मग." मी अजून तोंडातला घास गिळत होतो. माझं म्हणणं ऐकून न घेता, तुमचं टेबल शाबूत असताना, तुम्ही माझ्या टेबलाचा निकाल लावलात!

दुकानात मीही गेलो. विक्रेता दाढीवाला, तरुण, वागायला नम्र. त्यानं चिरंजिवांना बजेट विचारलं, सूनबाईंना रंग विचारला, नातीला बाकी सगळं विचारलं आणि मला खुर्ची दिली. माणूस म्हातारा झाला की त्याला मत विचारत नाहीत, खुर्ची देतात. नातीला हवा होता तेवढ्या ताकदीचा कॉम्प्युटर त्यांच्याकडे एकाच खोक्यात होता, आणि त्या खोक्याला एका बाजूनं काच होती. आतले पंखे लाल, हिरवे, निळे होऊन फिरत होते. मी विचारलं, "हे दिवे कशासाठी?" तो म्हणाला, "काका, लूकसाठी." मी म्हटलं, "आतली वायरिंग लोकांना दाखवायची हौस कशाला?" तर सगळे हसले. मी विनोद केला नव्हता.

तर असं ते धूड घरी आलं. माझा टाइपरायटर कपाटावर गेला, माझी शब्दकोडी उशाशी आली, आणि भला मोठा पडदा बरोबर खिडकीसमोर उभा राहिला. बसथांबा गेला, चांभाराचं दुकान गेलं. आता मी खुर्चीत बसलो की मला न बांधलेल्या इमारती दिसत. बरं, ते खोकं गप्प तरी असावं! नात काम करू लागली की ते विमानासारखं घुमायचं, आणि संध्याकाळी माझी पांढरी भिंत लाल, मग हिरवी, मग निळी. मी एक टॉवेल त्या काचेवरून घातला. साधा, आंघोळीचा, वाळलेला टॉवेल. तो जरा मोठा होता, मागच्या जाळीवरूनही आला असेल. थोड्या वेळानं खोक्यानं एक उसासा टाकला आणि सगळं काळं झालं.

नातीचं दुपारपासूनचं चित्र गेलं. मग घरात चौकशी बसली. चिरंजीव टॉवेल पुराव्यासारखा हातात धरून म्हणाले, "बाबा, हा इथे कुणी घातला?" मी म्हटलं, "या खोलीत येणं-जाणं पुष्कळांचं असतं." सूनबाई म्हणाल्या, "टॉवेल तुमचा आहे." मी म्हटलं, "टेबलही माझंच होतं." सगळे बोलले. नातीनं डोळे पुसले, मशीन पुन्हा सुरू केलं, आणि मापांचा एक कागद माझ्या हातात देऊन म्हणाली, "आजोबा, तुम्ही आकडे वाचा, मी घालते. लवकर होईल."

व्याहीबुवा, आता जे लिहितो ते तक्रारीत येत नाही, तरी लिहितो. जन्मभर लोकांनी सांगितलं आणि मी टंकलं. त्या संध्याकाळी मी सांगत होतो आणि दुसरं कुणीतरी टंकत होतं. मी "पुढे" म्हणालो की ती पुढे जायची. मी थांबलो की ती थांबायची. मी एकदा मुद्दाम थांबून पाहिलं. (साहेब लोक एवढे का थांबायचे, ते तेव्हा कळलं.) वाचनालयाची इमारत होती. जेवायच्या आत भिंती उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा कागद घेऊन आली, आणि मग येतच राहिली. काम करता करता कॉलेजातलं सगळं सांगायची. कोण कुणाची चित्रं बघून काढतो, कोणते सर वर्गात येऊन आधी खिडक्या लावून घेतात, सगळं. बसथांब्यावर एवढं कळत नव्हतं.

माझ्या हातून एक चूक झाली ती सांगून टाकतो, कारण तुमच्यापर्यंत ती वाढवून पोचली असेल. एका दरवाजाच्या उंचीतलं एक शून्य माझ्याकडून वाचायचं राहिलं. दरवाजा घोट्याच्या जरा वर आला. तिच्या सरांनी भर वर्गात विचारलं, "हे वाचनालय मांजरांसाठी आहे का?" घरी येऊन ती इतकी हसली की तिला बूट काढता येईनात. मला मात्र त्या सरांचा भयंकर राग आला. एवढ्या भिंती बरोबर होत्या, त्याबद्दल एक अक्षर नाही!

आता मुख्य प्रसंग. कॉलेजात चित्र समोर उघडून दाखवायचं होतं. बाकी सगळ्यांकडे लॅपटॉप. हिनं पेनड्राइव्ह नेला, तर कॉलेजचं जुनं मशीन त्याला ओळखच दाखवेना. सर म्हणाले, "उद्या तुझं मशीन घेऊन ये." चिरंजिवांना कवळ्या, सूनबाईंना त्यांच्या लॅबमधल्या रक्ताच्या तपासण्या. राहिलो मी. आम्ही रिक्षा केली. माझ्या मांडीवर चादरीत गुंडाळलेला पडदा, आमच्या मधे ते खोकं, तिच्या गळ्यात वायरी. रिक्षावाला प्रत्येक खड्ड्याशी वेग कमी करून मागे बघायचा आणि विचारायचा, "पेशंट ठीक आहे ना?" फाटकावरच्या रखवालदारानं चादर उचलून पाहिली आणि म्हणाला, "टीव्ही वर न्यायला परवानगी नाही." टीव्ही नसून कॉम्प्युटर आहे, हे त्याला पटवता पटवता मला घाम फुटला. लिफ्ट बंद होती. जिना चढताना नात दर वळणावर खोकं टेकवायची आणि "आजोबा, तुम्ही थांबा हं, मी दुसरी खेप करते," म्हणायची. मी थांबलो नाही. वर्गात पोचलो तर वीज घ्यायची जागा एका टोकाला आणि आम्ही दुसऱ्या टोकाला. एका मुलानं कुठूनशी वायर आणली. बटण दाबलं, आणि ते निर्लज्ज खोकं लाल-हिरवं-निळं होऊन चमकू लागलं. सगळ्या वर्गानं टाळ्या वाजवल्या! तिच्या इमारतीला नाही, खोक्याला. मी घामानं थबथबलो होतो, पण उभा राहिलो आणि म्हणालो, "आधी चित्र बघा." बघितलं त्यांनी. सर म्हणाले, चांगलं आहे. आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आजोबा, पुढच्या वेळी लॅपटॉपच घेऊन द्या."

घेऊन द्या! जणू डेस्कटॉप मी निवडला होता! त्याच रात्री जेवताना ठरलं की हे मशीन विकायचं आणि लॅपटॉप घ्यायचा. सूनबाईंनी पुन्हा तुम्हाला फोन लावला, पुन्हा स्पीकरवर. आणि तुम्ही काय म्हणालात? "मी तर आधीपासून म्हणत होतो, कॉलेजला लॅपटॉपच बरा." व्याहीबुवा, मी कोर्टात पुष्कळ साक्षीदार फिरलेले पाहिले आहेत, पण निदान उलटतपासणीत त्यांची जीभ तरी अडखळते. आधीपासून लॅपटॉप म्हणत होतो तो मी! जिंकलो मी! आणि त्या पंगतीत एकानंही "बाबा, तुमचं बरोबर होतं" एवढं म्हणू नये?

तेव्हा हे पत्र म्हणजे माझा निषेध समजावा. टेबल मला परत मिळणार आहे, खिडकी मिळणार आहे, भिंत पांढरी होणार आहे. नात लॅपटॉप खांद्याला अडकवून दिवसभर कॉलेजातच बसेल, तिथे पंखे आहेत, मित्रमैत्रिणी आहेत. सगळं माझ्या मनासारखं होतंय. तरीही तुम्ही माझी माफी मागावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

विहीणबाईंना नमस्कार. त्यांना थेंब वेळेवर घालावेत.

आपला,
(निवृत्त, आणि नाराज)
व्याही

ता. क. चिरंजिवांच्या ओळखीचे एक गृहस्थ रविवारी मशीन बघायला आले होते. मी एकटाच घरी होतो. मशीन अचानक बंद पडतं, एवढंच मी त्यांना खरं ते सांगितलं. टॉवेलचा विषय निघाला नाही. गृहस्थ चहाही न पिता गेले. हे चिरंजिवांना कळवायची गरज नाही.

ता. क. २. तुम्ही शनिवारी जेवायच्या वेळी तुमच्या लेकीला फोन करावा आणि असं म्हणावं: "लॅपटॉप अवश्य घ्या, पण घरचं मशीन विकू नका. मोठी चित्रं मोठ्याच पडद्यावर करावी लागतात, आणि ती घरी बसूनच करावी लागतात." एवढंच म्हणावं, स्वतःची भर घालू नये. दोन्ही कसं परवडणार, असं कुणी म्हटलं तर माझी बँकेत ठेव आहे, ती कधीतरी मोडायचीच होती. खिडकीचं काही नाही हो, बसेस काय, रोज त्याच असतात. पण संध्याकाळी खोलीत कुणी असलं की जरा... (नको, हे शेवटचं वाक्य घेऊ नकोस. घेतलंस? मग खोड. थांब, टॉवेलचंही घेतलंस की काय?)

ता. क. ३. आजोबा, नमस्कार. मी तुमची नात. इकडच्या आजोबांनी सांगितलं, मी टाइप केलं, आणि सगळं घेतलं. ते आता पाणी प्यायला गेलेत. रविवारच्या त्या काकांच्या आधी, शुक्रवारी आणखी एक जण मशीन बघायला आला होता. दार मीच उघडलं आणि विकलं गेलं म्हणून सांगितलं. शनिवारी साडेआठला फोन करा. आईला स्पीकर लावायला मी सांगते. आणि प्लीज, या वेळी मत बदलू नका.