मेपलला आज पाणी नको

थेन,

मेपलला पाणी घालू नकोस. पानं पिवळी पडलीत ती तहानेने नाही, पाण्यानेच. आपल्या युटाच्या कोरड्या डोंगरातलं झाड आहे ते. अंगणातल्या या खडीतही मुकाट वाढलं असतं. तू रोज पाजतोस, म्हणून मुळं गुदमरलीत.

शिवाय पाण्याची पाळी आता आपली नाही. हिरवळ काढून खडी टाकली तेव्हाच ती आपण शेजारच्या ऑर्व्हलला दिली. काल पहाटे तू पाटाचं दार उघडलंस आणि त्याचा लसूणघास कोरडा राहिला. पाळीचं पाणी चोरलं म्हणून तू स्वतः सख्ख्या भावाशी बोलणं टाकलं होतंस.

फावडं शोधत बसू नकोस, ते मी गाडीत घालून नेलंय. पाटाच्या दाराला कुलूप आणते आणि डॉक्टरांशी बोलून येते. तोवर ऑर्व्हल येऊन बसेल, त्याच्यावर खेकसू नकोस. टेबलावर पाव आहे, पीचची बरणी उघडून ठेवलीय.

थेन, पाट तुडुंब वाहतोय. काल तुला हाताला धरून पाण्यातून बाहेर ओढत होते, तेव्हा तू म्हणालास, "बाई, हात सोडा. माझी बायको घरी वाट बघत असेल."

मी दुपारी येईन. ओळखलं नाहीस तर घाबरू नकोस. फ्रिजवरच्या फोटोत तुझा हात धरून उभी आहे ना, ती मीच.

लव्हेरा