काळ्या झबल्याचं माप

डिसेंबर १९९८, गुरुवार, संध्याकाळ

संक्रांतीच्या बोरन्हाणासाठी काळ्या झबल्यांचे नमुने पुण्याच्या छोट्या दुकानांना पाठवायचेत. माप वर्षाच्या बाळाचं ठरलेलं. आणि शिवून झालं ते तान्ह्याचं! कुणाच्या हाताखाली न शिकता धंदा उभा केला, पण न मोजता कधी कापलं नाही. मग आज कसं?

बायको ओरडली, "अवो, घरात पोटुशी सून हाय, आन् जल्माआधीच झबलं शिवलंसा व्हय? अपशकुन असतोय त्यो!" मी हसलो.

दुपारी सून म्हणाली, बाळ सकाळपासून हललं नाही. मुलगा तिला दवाखान्यात घेऊन गेला. मी झबलं उसवत बसलो. तान्ह्याचं माप. कापलंच कसं?

शेवटचा टाका निघाला आणि मुलाचा फोन आला. बाळ हललं म्हणाला. नेमकं कधी, ते मी विचारलं नाही.