न कापलेली पानं

आबा, मी पुस्तकांची यादी करायला बसले आहे. जुन्या कॅलेंडरच्या पानामागे, स्केचपेननं, मोठ्या अक्षरात. मेहकरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी मागच्या आठवड्यात काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली जपायची, थेंब चुकवायचे नाहीत. किती वर्षं दिसेल, असं मी त्यांना तीनदा विचारलं. चौथ्यांदा विचारल्यावर ते हसले आणि म्हणाले, "आजी, वाचायचं ते वाचून घ्या." गमतीनं म्हणाले असतील, पण मी ते मनावर घेतलं. तुमचंही हेच झालं असेल का? तेव्हा आपल्या घरात त्याला काही नाव नव्हतं. आबाले दिसत नाही, एवढंच आम्ही तुमची लेकरं म्हणायचो.

तर यादी. बारीक टाइपाची पुस्तकं आधी, ठसठशीत अक्षरांची नंतर, असा नियम केला आहे. त्या हिशेबानं ताऱ्यांवरचं जाड पुस्तक वर आलं, आणि लगेच भीती वाटली की त्यातच वर्ष गेलं तर? मग ते खाली ढकललं. बहिणीनं दिलेले प्रवासवर्णनाचे तीन भाग घ्यावेत की पहिलाच घ्यावा? आवडलेलं पुन्हा वाचावं की राहिलेलं वाचावं? चार कागद झाले, आबा. सून म्हणते, परीक्षेला बसल्यासारखं काय करता. नात म्हणते, "आजी, मी वाचून दाखवीन न तुले." दाखवेलही, पोर गुणाची आहे. पण वाचून दाखवणारी पोर काय काय करू शकते, ते माझ्याइतकं कोणाला ठाऊक आहे?

श्रावणात साखरखेर्ड्याच्या देवळात पोथी तुम्हीच लावायचे. मी तेव्हा लहान. एकदा दोन पानं चिकटून एकदम पलटली गेली आणि ते तुमच्या लक्षात आलं घरी, जेवताना. तुम्ही ताटावरून उठलात. आई चुलीपाशी बसलेली. ती म्हणाली, "भाकर तं खाऊन घ्या. कोणाले समजलं थे?" तुम्ही म्हणालात, "मले समजलं न." दुसऱ्या दिवशी सगळ्यांपुढे चूक सांगितलीत आणि तो अध्याय पहिल्या ओवीपासून पुन्हा वाचलात. म्हातारे कंटाळून जांभया देत होते. मला तुमची लाज वाटली होती, हेही आज सांगून टाकते.

मग तुमचे डोळे गेले. महाराष्ट्र झाला त्याच्या पुढच्याच हिवाळ्यातली गोष्ट. मला सातवीच्या बक्षिसात मिळालेली कादंबरी मी तुम्हाला वाचून दाखवत होते. छापखान्यानं तिच्या कडा कापल्याच नव्हत्या, पानं जुड्या-जुड्यांनी जोडलेली. तुम्ही ओसरीवर बसलेले आहात, मी भाजीच्या सुरीनं एकेक जुडी कापते आहे. कड कापल्याचा खर्र आवाज झाला की तुम्ही पाय आवरून सावरून बसता, आता पुढचं येणार म्हणून. त्या कादंबरीत एक लेक बापाशी भांडून घर सोडते. तिथपासून तुमचा जीव तिच्यातच अडकला होता.

पौषातल्या एका दुपारी मी शेवटच्या दोन जुड्या कापल्याच नाहीत. "भाकरी टाकायच्या हायेत," असं म्हणून एकदम शेवटच्या, सुट्या दीड पानावर उडी मारली. विहिरीला पाणी लागतं, गावात गूळ वाटतात, समाप्त. पुस्तक मिटलं.

"अन् त्या पोरीचं काय झालं वं?"

"नाई लिहेल, आबा."

"असं कसं? घरून पोर गेली, अन् थिचा पत्ताच नाई? लिहिणारा पोरीचा बाप नसन."

दोन दिवस तुम्ही तेच घोकत होता. तिसऱ्या दिवशी म्हणालात, "लेखकाले कार्ड लिही. म्हणा, पोरीचं काय झालं थे कळवा. इथं एक म्हातारा वाट पाहून राह्यला." मी तुमच्यासमोर लिहिलं. टपालात टाकलं म्हणून सांगितलं आणि पुस्तकात खुपसून ठेवलं, कारण उत्तर आलं असतं तर माझं बिंग फुटलं असतं. त्यानंतर पोस्टमनच्या सायकलची घंटी वाजली की तुम्ही ओसरीवरूनच विचारायचे, "आलं का बे काही?" होळीच्या आधी तुम्ही गेलात. त्या सकाळीही विचारलंत.

त्या दुपारी सुरीचा आवाज झाला नाही, हे तुम्हाला कळलं होतं का? ज्याला देवळातली दोन पानं ताटावर बसून आठवली, त्याला कळलं नसेल? कळूनच विचारत होता का, मी खरं सांगावं म्हणून? हा प्रश्न आठवला की आजही मी धड बसू शकत नाही.

आज यादीसाठी कपाट उपसताना ते पुस्तक हाती आलं. टाइप सगळ्यांत बारीक, म्हणजे नियमानं पहिला नंबर त्याचा. मी ते पहिलं लिहिलं, मग शेवटचं लिहिलं, मग खोडलं. माहेराहून सासरी, या घरातून त्या घरात ते मी सोबत नेलं, पण त्या दोन जुड्यांना कधी हात लावला नाही. शेवटी उठून स्वयंपाकघरातून सुरी आणली. कड वेडीवाकडी फाटली. भिंग लावून वाचायला लागले.

पोर परत येते, आबा. तिसऱ्याच पानावर. बाप तिला एवढंच विचारतो, जेवली का?

तिथपर्यंत तीन पानं होती नुसती. वाचायला मला आज, या डोळ्यांनी, चहा उकळेपर्यंतचा वेळ लागला.

हे पत्र त्या कार्डाशेजारीच ठेवते, दुसरं कुठं टाकणार? आणि त्या दिवशी भाकरी टाकायच्या नव्हत्या. आईनं केव्हाच टाकल्या होत्या. मैत्रिणी हुरडा खायला मळ्यात निघाल्या होत्या, आणि मला मागं राहायचं नव्हतं.