न आलेल्या बायांची चौकशी

चांदूर बाजार, जि. अमरावती
दि. १० नोव्हेंबर २०२४

चि. रागिणीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

मी, भगवंतराव मेहरे, वय वर्षे एकोणऐंशी, व्यवसाय फुलशेती, शिक्षण इयत्ता चौथी उत्तीर्ण, राहणार वरीलप्रमाणे, पूर्ण शुद्धीत लिहितो की तुझ्या संशोधनाविषयी माझी हरकत आहे. फोनवरचे बोलणे वाऱ्यावर जाते, म्हणून लेखी कळवितो.

झेंडू-शेवंतीच्या चिकाने आपल्या बायांच्या हातांना खाज सुटते व भेगा पडतात. त्यावर तू मलम देऊन अभ्यास केलास, हे भूषणच आहे. परंतु ते लिखाण छापण्यापूर्वीच तू अकोल्यात दर शनिवारी बरोबरीच्या तिघा डॉक्टरांपुढे ठेवतेस आणि ते त्यात पेन्सिलीने चुका काढतात, हे ऐकून मी अस्वस्थ आहे. बाजारात दुसऱ्याच्या टोपलीत जो हात घालतो, तो भाव पाडायलाच आलेला असतो.

त्यातील नितेश नावाच्या गृहस्थाची मी चौकशी केली. बडनेऱ्याच्या रेल्वे वसाहतीतला, वडील गार्ड होते. त्याच्याविषयी वाईट काहीच मिळाले नाही, हेच मला अधिक खटकते. आणि त्या बैठका घेणाऱ्या सत्यभामा मॅडम सर्वांना फुकट शिकवून वर चहाही पाजतात म्हणे. कशासाठी?

तुझी आजी म्हणते की म्हाताऱ्याले झाडाच्या सावलीचाही संशय येते. तिच्याकडे लक्ष देऊ नये. उत्तर लेखी यावे. आजोबांवरील माया कमी होऊ देऊ नये.

तुझा,
भगवंतराव मेहरे


अकोला
दि. १५ नोव्हेंबर २०२४

ती. आबाजींस, रागिणीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग जरा वाईट वाटले. आबाजी, आमच्याकडे रीतच अशी आहे. आम्ही एकमेकांचे कच्चे लिखाण वाचतो, म्हणजे बाहेरच्याने चूक धरण्याआधी घरच्याने धरावी. मॅडम फक्त भांडण होऊ देत नाहीत. त्यांनाही त्यांच्या काळी कोणीतरी असेच शिकवले होते, एवढाच त्यांचा स्वार्थ. मागच्या शनिवारी मी नितेशच्या कामावर इतक्या खुणा केल्या की तो चहा न घेताच निघून गेला.

पण खरे सांगते, या वेळी मलाही त्याचा राग आला आहे. मलम चाळीस जणींना दिले. शेवटच्या तपासणीला सव्वीस आल्या आणि जवळपास सगळ्यांचे हात सुधारलेले होते. नितेशने निबंधात तिथेच कडेला लिहिले की उरलेल्या चौदा कुठे आहेत. मी म्हटले, बऱ्या झाल्या असतील, कामाचा दिवस मोडून कशाला येतील? त्यावर त्याने विचारले की हे तुला कोणी सांगितले. मॅडमनीही त्या प्रश्नाखाली रेघ ओढली. हे उत्तर मिळाल्याशिवाय निबंध पाठवायचा नाही असे ठरले आहे आणि महिनाअखेर शेवटची मुदत आहे. मुदत चुकली तर वर्ष वाया जाईल. वॉर्डातून मला सुट्टी मिळत नाही. काय करावे सुचत नाही.

आजीला नमस्कार. आबाजी, संशय माझ्या वाट्याचा थोडा कमी करा, प्रेम तेवढेच ठेवा.

तुमची,
रागिणी


चांदूर बाजार
दि. १९ नोव्हेंबर २०२४

चि. रागिणीस आशीर्वाद, वि. वि.

म्हणजे माझा संशय रास्त ठरला. त्या गृहस्थाने मेहऱ्यांच्या मुलीला खोटे ठरविले आहे. शेताची मोजणी होते तेव्हा चारही बाजूंचे शेजारी बांधावर उभे करतात. तसाच मी शेजारच्या बुधाजीला पंच म्हणून सोबत घेऊन, मळ्यात नावे विचारून त्या चौदाही घरी जाणार आहे. प्रत्येकीकडून हात बरा झाल्याचे वदवून त्या नितेशच्या तोंडावर पाठवितो. तू निश्चिंत राहावेस आणि आशीर्वाद घेत राहावे.

भगवंतराव मेहरे


अकोला
दि. २२ नोव्हेंबर २०२४

ती. आबाजींस सा. न.

घाईत लिहिते. पत्र मॅडमना दाखवले. त्या म्हणाल्या की आजोबांनी जरूर जावे, परंतु बरे आहे का असे विचारू नये, कारण तुम्हाला कोण नाही म्हणेल? फक्त हात पाहावेत. जे दिसेल ते लिहा, माझ्या बाजूचे असो वा नसो. रागावू नका, नातीवर नेहमीसारखा जीव असू द्या.

रागिणी


चांदूर बाजार
दि. २५ नोव्हेंबर २०२४

चि. रागिणीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझे पत्र पोहोचण्यापूर्वी मी सात घरे केली होती. सातही ठिकाणी मी विचारले आणि सातही ठिकाणी उत्तर आले की हो आबाजी, गुण आला. मी समाधानाने परत फिरलो. बुधाजी मात्र वाटेत म्हणाला की सगळ्या बाया पदरात हात घालून काहून बोलून राहिल्या, थंडी तर अजून पडली नाही. मी त्याला गप्प केले.

मग तुझे पत्र आले. ते मला आवडले नाही. तरीही दुसऱ्या दिवशी आम्ही घरी न जाता सरळ मळ्यात गेलो. त्या सातांतली माणिकबाई शेवंती तोडत होती. तिने दोन्ही हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या होत्या. मी त्या सोडायला लावल्या. आतील हात मी येथे वर्णन करीत नाही.

आदल्या दिवशी खोटे का सांगितलेस, असे मी दरडावून विचारले. ती हसली. म्हणाली की आबाजी, तुमची नात आपल्या हातानं मलम लावून देते, मावशी म्हणते, मंग तिच्या तोंडावर कसं म्हणू की तुह्या औषधानं काही झालं नाही? त्यापेक्षा गेलीच नाही. पोरीचं मन कायले मोडा? बाकीच्या बाराही घरी जाऊन आम्ही हात पाहिले. तीन जणींचे बरे आहेत. इतरांचे नाहीत. आपल्या घराचा मान राखण्यासाठी त्या सर्व जणी घरी बसल्या.

चौदावे घर कोणाचे, हे तू मला लिहिले नव्हतेस, ते माणिकबाईकडून कळले. बुधाजीने विचारले तेव्हा मी म्हणालो की तिची तपासणी नको, ती घरचीच आहे. संध्याकाळी मी तुझ्या आजीला दिव्याखाली हात पुढे करायला सांगितले. ती म्हणाली की आता या वयात हात पाहून काय लग्न जुळवता का? मी हसलो नाही. तिने हात पुढे केले. रोज मला तेच हात भाकर वाढतात.

तेव्हा तुझ्या निबंधात लिही की न आलेल्यांपैकी तिघी बऱ्या आहेत आणि अकरा जणींना गुण नाही. यश लहान झाले तरी चालेल, गावात मी काय ते सांगेन. हे पत्र शनिवारी सर्वांसमक्ष नितेशनेच वाचावे. त्याच्याविषयीचा संशय मी मागे घेतलेला नाही. तूर्त स्थगित ठेवला आहे. फुकट चहाचा उलगडाही अद्याप व्हायचा आहे.

आम्हा दोघांवर लोभ ठेवून अकोल्याचे वेगळे औषध आजीसाठी पाठवावे.

भगवंतराव मेहरे, सही

हा मजकूर वाचून दाखविला तेव्हा हजर असलेले साक्षीदार:
बुधाजी, शेजारी, सही.
माणिकबाई, सही.
जमुना भगवंतराव मेहरे, निशाणी डावा अंगठा. अंगठा दोनदा उठविला. भेगांमुळे रेषा उमटल्या नाहीत. तिसऱ्यांदा लावताना शाई झोंबली, म्हणून मी थांबविले. आहे तो डाग ग्राह्य धरावा.